पेरुजा : गाडी खाली, गाव वर

आईचं वय एकाहत्तर आणि दोन्ही गुडघे दुखरे. त्यामुळे इटलीत पेरुजाला जायचं ठरलं, तेव्हा काय काय बघायचं ही चर्चा आमच्या घरात मागे पडली. आधी विचार झाला तो गाडी कुठे लावायची आणि तिथून आईला वर कसं न्यायचं याचा. उम्ब्रिया प्रांताची ही राजधानी डोंगरावर आहे. जुनं गाव तर अगदी माथ्यावर, रोमनांच्याही आधी एट्रुस्कन लोकांनी बांधलेल्या तटाच्या आतबाहेर पसरलेलं. खालून बघितलं की घरं एकावर एक रचल्यासारखी दिसतात, आणि इतक्या उंचावर आपण कसे पोचणार असं वाटून छातीत धस्स होतं.

आम्ही असिसीजवळच्या एका शेतघरात उतरलो होतो. तिथून पेरुजा पंचवीसेक किलोमीटर. भाड्याची गाडी मी चालवत होते, नवरा शेजारी रस्ता सांगायला, आई मागे. भारतातल्या लायसन्ससोबत आंतरराष्ट्रीय परवाना निघण्याआधीच काढून घ्या, तो लागतो. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे झेड-टी-एल, म्हणजे मर्यादित वाहतुकीचा भाग. इटलीतल्या बहुतेक जुन्या गावांचा गाभा असा राखलेला असतो. तिथे रहिवासी आणि परवानगी असलेल्यांच्याच गाड्या जातात. वेशीवर पांढऱ्या गोलाला लाल कड असलेली पाटी असते आणि तिच्याजवळ कॅमेरा. अडवायला माणूस नसतो. तुम्ही आरामात आत जाता, आरामात बाहेर येता, आणि कित्येक महिन्यांनी दंडाचा कागद घरी येतो. गाडी भाड्याची असेल तर तुमचं नाव-पत्ता पोलिसांना कळवण्याचे पैसे ती कंपनी वेगळे लावते. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाला दुसऱ्या एका गावात एकाच दुपारी दोनदा असा दंड बसला, कारण हॉटेल शोधताना ते त्याच कॅमेऱ्यासमोरून दोनदा गेले.

वेशीवरच्या दिव्यांच्या पाटीचा अर्थ मी आधीच लिहून घेतला होता. 'वार्को अत्तीव्हो' म्हणजे वेस चालू आहे. आपल्याला वाटतं, चालू आहे म्हणजे जा. पण चालू असतो तो कॅमेरा, म्हणून जायचं नाही. 'वार्को नॉन अत्तीव्हो' असेल तर बंधन त्या वेळेपुरतं उठलेलं असतं. गावातच हॉटेल घेतलं असेल, तर गाडीचा नंबर कळवून परवानगी मिळेल का, हे त्यांना निघण्याआधी विचारा. रस्त्यावरच्या पट्ट्यांचं गणित सोपं आहे: निळ्या पट्ट्यांत पैसे भरून लावायची, पांढऱ्यांत फुकट, पिवळ्या राखीव. पांढऱ्या पट्ट्यांजवळ कधी कधी वेळेची मर्यादा लिहिलेली असते. तिथे काचेमागे एक पुठ्ठ्याची तबकडी ठेवून आपण किती वाजता आलो ते दाखवावं लागतं.

हे सगळं वाचूनही एक चूक सहज होते. नकाशात गावाचं नाव टाकलं की फोन गावाच्या मध्यावर घेऊन जातो, वाटेतल्या वेशीसकट. म्हणून आम्ही 'पेरुजा' टाकलंच नाही, 'पियात्सा पार्तिजानी' हे माथ्याखालच्या एका पार्किंगचं नाव टाकलं. पर्याय आणखी होते. माथ्याच्या अगदी जवळ मेर्कातो कोपेर्तोचं पार्किंग आहे, तिथून लिफ्ट आहे. पश्चिमेला व्हियाले पेल्लिनीपाशी आहे, तिथूनही सरकते जिने वर जातात. पण पार्तिजानीची वाट मला रोक्का पाओलिना या जुन्या किल्ल्याच्या पोटातून जाते म्हणून हवी होती, आणि ती निवडली याचं आजही समाधान वाटतं. पेरुजातला माझा सर्वांत सुंदर तास गाडी आणि चौक यांच्यामध्ये गेला.

पियात्सा पार्तिजानी हा बाहेरगावच्या बसगाड्यांचाही अड्डा आहे. त्याला लागूनच जमिनीखालचं मोठं पार्किंग. आत शिरताना यंत्रातून चिठ्ठी घ्यायची आणि ती गाडीत न ठेवता पाकिटात ठेवायची, कारण परतताना पैसे गाडीशी येण्याआधी यंत्रावर भरायचे असतात. बाहेर आलो आणि समोरच सरकता जिना. तो संपला की दुसरा, मग तिसरा. तिकीट नाही, की कुणी विचारणारं नाही. कामावर निघालेल्या बायका, दप्तरं घेतलेली पोरं, भाजीची पिशवी धरलेले आजोबा, सगळे त्याच जिन्यावर. आईने कठडा घट्ट धरला होता. दुसऱ्या जिन्यावर तिने तो सोडला.

आणि मग जिना संपतो आणि आपण एका गल्लीत उभे असतो. गल्लीच, कारण दोन्ही बाजूंना घरं आहेत: दारं, खिडक्या, चौकटी, वळणारा बोळ, फुटणारा फाटा. फक्त वर आकाश नाही. त्या जागी विटांच्या प्रचंड कमानी. दिवे पिवळे, हवा गार, पावलांचा आवाज आपल्याच मागे येणारा. माणसं मात्र रोजच्या रस्त्याने चालावं तशी झपाझप पुढे जातात, कारण त्यांच्यासाठी तो रोजचा रस्ताच आहे.

इथे सोळाव्या शतकापर्यंत उघडी वस्ती होती, बाल्योनी या बलाढ्य घराण्याची. १५४० साली पोप तिसरा पॉल याने मिठावरचा कर वाढवला आणि पेरुजाने तो द्यायला नकार दिला. त्यातून युद्ध पेटलं, गाव हरलं. गावाने पुन्हा डोकं वर काढू नये म्हणून पोपने त्याच्या उरावर किल्ला बांधायला घेतला आणि तीन वर्षांत उभा केला. रचनाकार होता धाकटा आंतोनियो दा सांगाल्लो. त्याने बाल्योनींचे वाडे पुरते पाडले नाहीत. मनोरे छाटले, गल्ल्यांवर कमानी टाकल्या, आणि घरंच किल्ल्याचा पाया केली.

एका कमानीखाली बसून मी हे आईला सांगत होते. ती वेंगुर्ल्याकडची. कराचं ऐकून ताठ बसली.

"मिठासाठी? म्हणजे आमच्या शिरोड्यासारखांच झालां!"

१९३० साली शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला, त्याच्या गोष्टी ऐकत ती वाढली. तिच्या वडिलांनी सांगितलेलं ती मग सांगू लागली, आणि इटलीतल्या त्या जमिनीखालच्या गल्लीत आम्ही पंधरा-वीस मिनिटं शिरोड्याला होतो. पेरुजातला पाव अळणी असतो. मीठ महाग झालं तेव्हा लोकांनी ते पावात घालणंच बंद केलं, अशी गावात कथा आहे. अळणी पाव मध्य इटलीत इतरत्रही मिळतो, त्यामुळे कथेवर मी पैज लावणार नाही. पण आईचा तिच्यावर पूर्ण विश्वास बसला.

मला तिथे शनिवारवाडा आठवत होता. १८२८च्या आगीनंतर तिथे आत मुख्यतः जोती उरली. आपण त्या जोत्यांमधून फिरतो आणि भिंती मनाने उभ्या करतो. इथे भिंती शाबूत आहेत आणि आकाश मनाने उभं करावं लागतं. ज्याने हे गाव गाडलं त्याच्याच कमानींनी ते जपलं, हे मला पचायला वेळ लागला. वरचा किल्ला लोकांनी ठेवला नाही. १८४८ मध्ये तो पाडायला सुरुवात झाली आणि १८६० साली पोपची सत्ता गेल्यावर तो जमीनदोस्त केला. त्या जागी आजचा पियात्सा इतालिया हा चौक आहे. खालच्या गल्ल्या तेवढ्या राहिल्या, आणि १९८३ मध्ये त्यांतून हे सरकते जिने नेले. गावातली मोटारींची गर्दी कमी करायची तर लोकांना वर यायला सोपी वाट हवी, आणि ती वाट त्यांना आपल्याच गाडलेल्या गल्ल्यांमधून सापडली. ज्याला हे सुचलं त्याला माझा नमस्कार.

शेवटचा जिना पियात्सा इतालियाच्या कमानींखाली उघडतो. अंधारातून एकदम ऊन. पलीकडच्या बागेच्या कठड्यावरून सगळी दरी दिसते, हवा स्वच्छ असेल तर असिसीही. तिथून कोर्सो वान्नुची हा रुंद, जवळजवळ सपाट रस्ता थेट मुख्य चौकात जातो, आणि गाड्या नसल्यामुळे आई रस्त्याच्या मधोमध चालली. पुण्यात ती असं कुठे चालणार! चौकात तेराव्या शतकातलं फोंताना माज्जोरे हे कारंजं आहे, निकोला आणि जोव्हान्नी पिसानो या बापलेकांनी घडवलेलं. खालच्या कुंडाभोवती बारा महिन्यांची कामं कोरली आहेत. त्यातली शेतीची कामं आईला कुणी समजावून सांगावी लागली नाहीत. जेवायला तोर्ता अल तेस्तो घेतलं: तव्यावर भाजलेली जाड, गोल रोटी, मधे चिरून भाजी आणि चीज भरलेली. आईने एक तुकडा तोडून नुसताच खाल्ला आणि म्हणाली, भाकरीची बहीण आहे.

दुसऱ्या दिवशी पुन्हा आलो, पण गाडी पियान दी मास्सियानोला लावली. हे गावाबाहेर, सपाटीवर, मोठं आणि फुकट. पूर्ण दिवस राहायचं असेल तर मी हेच सुचवेन, कारण पार्तिजानीत तासागणिक पैसे चढत जातात. मात्र शनिवारी सकाळी मास्सियानोला बाजार भरतो, तेव्हा जागा मिळणं कठीण. तिथून मिनिमेत्रो निघते. २००८ साली सुरू झालेली ही छोटी गाडी, डबा एकच, चालक नाही, दोराने ओढली जाते. सात स्थानकं आहेत, त्यातलं फोंतिव्हेज्जे रेल्वे स्थानकाशी. एक डबा गेला की मिनिटा-दोन मिनिटांत दुसरा. आई पुढच्या काचेशी उभी राहिली आणि डोंगराच्या पोटात शिरताना तिने माझा हात धरला. पिंचेत्तो हे शेवटचं स्थानक, तिथून थोडं वर आलं की जुनं गाव. एकच काळजी घ्या: ही गाडी रात्री लवकर थांबते. रात्रीचं जेवण वर करायचं असेल, तर पार्तिजानी बरं. तिथले जिने बऱ्याच उशिरापर्यंत चालू असतात, तरी बंद व्हायची वेळ पाटीवर वाचून ठेवा.

संध्याकाळी मिनिमेत्रोकडे वळत होतो तेवढ्यात आई थांबली.

"गो, कालच्या त्या गल्लीत एकदा जाऊया?"

गाडी त्या बाजूला नव्हती. तरी पियात्सा इतालियाला गेलो, जिन्याने खाली उतरलो. कामावरून सुटलेली माणसं आमच्या बाजूने घरी निघाली होती. आईने एका दाराच्या दगडी चौकटीवर तळहात ठेवला आणि म्हणाली, दगड गार आहे. मग आम्ही परत वर आलो.