आमची वाटचाल : तीन प्रतींची पट्टी

2003 मध्ये कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या दहा बाय बाराच्या गाळ्यात आम्ही दोघा मित्रांनी संगणक आणि प्रिंटर दुरुस्तीचे दुकान थाटले, तेव्हा एक सोल्डरिंग गन, एक मल्टिमीटर आणि धूळ उडवायचा ब्लोअर एवढेच आमचे भांडवल होते. दोन वर्षांनी भागीदार पुण्याला नोकरीला गेला; मल्टिमीटर मात्र ठेवून गेला आणि तो आजही चालतो. पुढची आठ-नऊ वर्षे बरी गेली.

8 एप्रिल 2014 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीला सुरक्षेचे अपडेट देणे थांबवले आणि त्याच सुमारास आमच्या समोर वातानुकूलित दुकान उघडलेल्या गृहस्थांनी 'जुने सगळे भंगारात काढा' असे आमच्याच गिऱ्हाइकांना सांगत फिरायला सुरुवात केली. इंटरनेटला जोडलेले एक्सपीचे संगणक बदलायला हवेत, हे मीही सांगतच होतो. पण त्यांनी संगणकाबरोबर धडधाकट डॉट मॅट्रिक्स प्रिंटरही उचलून नेले, कारण त्यांनी दिलेल्या नव्या यंत्रांना जुने प्रिंटर जोडायचे पॅरलल पोर्टच नव्हते. त्यासाठी यूएसबीची एक कन्व्हर्टर केबल पुरते, हे त्यांना ठाऊक नसेल यावर माझा आजही विश्वास नाही. वार्षिक देखभालीची माझी एकतीस गिऱ्हाइके होती, त्यांतली दिवाळीपर्यंत नऊ उरली आणि गाळ्याचे चार महिन्यांचे भाडे थकले.

गेलेल्यांत मार्केट यार्डातले गुळाचे अडत्ये अण्णाही होते. पाडव्याच्या मुहूर्ताच्या सौद्यांना त्यांच्या नव्या लेझर प्रिंटरवर पट्टीच्या, म्हणजे शेतकऱ्याच्या मालविक्रीच्या हिशेबाच्या, तीन प्रती एकामागून एक निघू लागल्या, तेव्हा एका शेतकऱ्याने सरळ विचारले, "तिन्हीवर आकडा एकच हाय कशावरनं?" डॉट मॅट्रिक्सच्या पिना रिबिनीवर आपटतात, म्हणून पांढरी, गुलाबी आणि पिवळी प्रत एकाच ठोक्यात उमटते; लेझरमध्ये ठोकाच नसतो. त्याच संध्याकाळी अण्णांचा फोन आला, "मालक, आमचं जुनं धूड मिळंल का बघा की."

ते धूड मी भंगारवाल्याकडून वजनावर सोडवले. हेड स्पिरिटने पुसले, रिबीन बदलली, तरीही पहिली प्रत काळी फासलेली येत होती. पाहतो तर कागदाच्या जाडीची कळ एकेरी कागदावर ठेवलेली. (वाचकांपैकी कोणाकडे असा प्रिंटर असेल, तर मेकॅनिकला बोलावण्याआधी ही कळ पाहावी.) अण्णांच्या शब्दावर त्या हंगामात यार्डातली सात दुकाने आमच्याकडे परत आली.

पुढे अण्णांकडे विंडोज 10 बसवले. 2018 च्या अखेरीस आलेल्या अपडेटनंतर मी त्यांच्या दिवाणजींना विंडोजची कळ धरून व्ही दाबायला सांगितले. कॉपी केलेली नावे एकाखाली एक दिसू लागली, तसा त्यांनी चष्मा वर सरकवला आणि म्हणाले, "म्हणजे नवीन कॉपी केलं तरी पहिलं जात न्हाई?" एकदा सेटिंग चालू केले की शेवटच्या पंचवीस नोंदी तिथे राहतात. पण संगणक बंद केला की त्या जातात, म्हणून त्यांना बॅकअप समजू नये. बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्यावा आणि ती डिस्क दुकानात न ठेवता घरी, तीही वरच्या मजल्यावर ठेवावी. 2019 चा महापूर पाहिलेल्यांना याचे कारण सांगायला नको.

14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चीही मुदत संपली आणि यार्डात पुन्हा 'सगळे बदला' म्हणणारे फिरू लागले. अण्णांनी संगणक बदलायला होकार दिला, पण त्याआधी दिवाणजींकडून प्रिंटरच्या झाकणावर मार्करने ठळक लिहून घेतले : विकणे नाही.