बोटांवरचे वळ

वाणसामान घरपोच यायला लागल्यापासून माझ्या बोटांवरचे वळ गेले. आधी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन जिना चढायचा, पिशव्यांचे बंद बोटांत रुतायचे आणि घरात शिरल्यावर पहिलं काम म्हणजे बोटं चोळत बसणं. ते सुटलं म्हणून मी फार खूश होते. मग एकदा घरखर्चाची वही काढून बसले. बोटं सुटली होती, पण खर्चाचा हातही सैल सुटला होता.

विचार करता करता कळलं, की दुकानात माझा हिशेब डोकं कधी करतच नव्हतं, तो माझे हात करत होते. टोपली जड झाली की आपोआप वाटायचं, पुरे आता, उरलेलं पुढच्या वेळी. वजन हेच माझं बजेट.

हे एका दुकानदाराच्या फार आधी लक्षात आलं होतं. अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीमध्ये सिल्व्हन गोल्डमन यांची दुकानं होती. टोपली भरली, जड झाली, की गिऱ्हाईक खरेदी थांबवतं हे त्यांनी पाहिलं आणि १९३७ साली टोपल्यांना चाकं लावली. घडीच्या खुर्चीवरून त्यांना ती ढकलगाडी सुचली. गंमत म्हणजे आधी कुणी तिला हात लावेना. बायका म्हणे, बाबागाड्या ढकलून कंटाळलो, आता ही कशाला? पुरुषांना वाटे, एवढी टोपली उचलवत नाही की काय, असं लोक म्हणतील. शेवटी गोल्डमन यांनी पैसे देऊन माणसं आणली आणि त्यांना गिऱ्हाईक बनवून दुकानात गाड्या ढकलत फिरवलं!

फोनवरच्या ॲपमधल्या गाडीला तर चाकंही लागत नाहीत. साबणाच्या दोन वड्या टाका नाहीतर वीस, अंगठ्याला सारखंच. आणि ती गाडी वर बोलतेसुद्धा. ‘आणखी थोडीच खरेदी, डिलिव्हरी फ्री!’ फुकट डिलिव्हरी किती जवळ आली ते दाखवणारी हिरवी पट्टी खाली सरकत असते आणि ती भरत आली की मला राहवत नाही. क्लार्क हल नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी १९३० च्या दशकात उंदरांवर प्रयोग केले होते. खाऊ जवळ आला की उंदीर जास्त जोरात पळतात, असं त्यांना दिसलं. उंदरांचं मला आश्चर्य वाटलं नाही.

त्या पट्टीपायी आमच्या कपाटात साबणाचा बुरूज उभा आहे. आईने एकदा कपाट उघडून विचारलं, “अगं, एवढा साबण? कुणाला धुवायचंय?” मी म्हटलं, “डिलिव्हरी फुकट मिळाली गं.” तिने विचारलं, “आणि साबण?” साबण डिलिव्हरी चार्जाच्या तिप्पट पडला होता. मान्य आहे, साबण नासत नाही. पण पट्टी भरायला नेहमी साबणच सापडतो असं नाही. आठवड्यात खराब होणारं काही घेतलं आणि ते टाकून दिलं, की ती फुकटची डिलिव्हरी सगळ्यात महाग.

म्हणून आता फुटकळ ऑर्डर बंद. स्वयंपाकघरात एक कागद टांगलाय. संपलं की त्यावर लिहायचं आणि कागद भरला की मगच मागवायचं. गाडी भरली तरी लगेच पैसे भरायचे नाहीत, रात्रभर तशीच ठेवायची. सकाळी बघते तर निम्म्या वस्तू कुणी टाकल्या कोण जाणे. मोठं पाकीट स्वस्तच, हाही भ्रम गेला. किलोमागे दर काढला तर कधीकधी दोन लहान पाकिटं परवडतात. ॲपची वर्षाची मेंबरशिप मात्र मी पुन्हा घेणार नाही. भरलेले पैसे वसूल व्हावेत म्हणून मी वर्षभर नको ते मागवलं. आणि ऑर्डरच्या शेवटच्या पानावर बेरजेखाली बारीक अक्षरांत उभे असलेले हँडलिंग, पॅकिंग, लहान ऑर्डरचा जादा आकार हे सगळे भाऊबंद आता चष्मा लावून वाचते.

पण घरपोच सेवेला नुसती नावं ठेवणं बरं नव्हे. दुकानात जायलाही पेट्रोल लागतं, आणि काउंटरजवळच्या फळीवरून मी कधी रिकाम्या हाताने परतलेली नाही. १९८४ साली इंग्लंडमध्ये गेट्सहेडच्या जेन स्नोबॉल या ७२ वर्षांच्या बाईंनी टीव्हीच्या रिमोटवरून, फोनच्या तारेतून, टेस्को या तिथल्या मोठ्या दुकानसाखळीकडून किराणा मागवला. घरबसल्या अशी खरेदी करणाऱ्या अगदी पहिल्या गिऱ्हाइकांत त्यांचं नाव घेतात. तिथल्या नगरपालिकेने ती सोय काढली होती म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी, ज्यांना पिशवी खरोखरच उचलवत नाही त्यांच्यासाठी. माझ्यासारख्या धडधाकट बाईने सोफ्यावरून एकटं मीठ मागवावं म्हणून नव्हे.

माझी सगळ्यात यशस्वी युक्ती म्हणजे शेजारच्या काकूंशी भागीदारी. दोन्ही घरांचा कागद एकत्र, ऑर्डर एक, चार्ज एक, तोही बहुतेक वेळा माफ. हिरवी पट्टी आता आपली आपण भरते, साबणाची गरज पडत नाही. मागच्या महिन्यात तर आम्ही दोघींनी कमालच केली. पिठं, डाळी, तेल, सगळं जड सामान एकाच फेरीत मागवलं आणि किती वाचले ते वहीत लाल शाईने लिहिलं.

त्या दिवशी लिफ्ट बंद होती. बेल वाजली, दार उघडलं तर डिलिव्हरीवाला मुलगा चार पिशव्या घेऊन उभा. त्याने त्या उंबऱ्यात ठेवल्या, भिंतीला टेकला आणि बोटं चोळायला लागला. मी म्हटलं, “बस जरा, पाणी आणते.” “नको ताई,” तो म्हणाला, “अजून एक पिशवी खाली आहे.”