तुळईला भोक न पाडता माळ्यालगत टांगणी

औसा तालुक्यातलं आमचं जुनं घर मूळचं माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात भिंतींना तडे गेले, घर उभं राहिलं. पुढच्याच उन्हाळ्यात आजोबांनी वरची सगळी माती उतरवली, किलचन (मातीखालचा काटक्या-फळ्यांचा थर) काढलं आणि वासे टाकून पत्रे घातले. जुन्या सागवानी तुळया जागच्या जागी ठेवल्या. एक फूट जाडीच्या मातीचं वजन चौरस मीटरला साडेचारशे-पाचशे किलो भरतं. किल्लारीच्या पट्ट्यात मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि असली माळवदं अंगावर पडून किती माणसं गेली, ते इथं कुणाला सांगावं लागत नाही. म्हणून टांगणीच्या कामाला मी पहिल्यापासून एक अट घातली: आजोबांनी उतरवलेलं ओझं मी दुसऱ्या रूपात परत वर चढवणार नाही.

मागच्या खणात अर्ध्या भागावर फळ्या टाकून माळा केलाय, उरलेल्या भागात तुळया उघड्या आहेत. वाकळा, लसणाच्या जुड्या, हरभऱ्याचं बियाणं, सगळं माळ्यावर पसरलेलं होतं आणि उंदरांनी दोन वाकळा कुरतडल्या. पूर्वी यासाठीच घरोघरी शिंकाळी होती. मला तेच मोठ्या मापात हवं होतं.

पहिला रविवार वाया गेला. तुळईच्या बरोबर मधोमध, खालच्या बाजूनं, हुकासाठी दहा मिलिमीटरचं भोक पाडलं. शेजारचे सुतारमामा दारातूनच म्हणाले, "काय करायलाव? पोटाला भोक पाडू नका हो." त्यांचं बरोबर होतं. ओझं आलं की तुळईची वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते आणि हा ताण सगळ्यात जास्त असतो तो मधोमध, तळाला. एका भोकानं ती पडली नसती, पण मी सहा हुक लावणार होतो. खाच तर त्याहून वाईट. सात इंच उंचीच्या तुळईत खालून पावणेदोन इंच खाच केली की ताकद निम्म्याच्या आसपास येते, आणि चीर तिथूनच सुरू होते. शिवाय खालून फिरवलेल्या हुकाला ओझं सरळ बाहेर ओढत राहतं. ते भोक आता सागाची खुंटी ठोकून बुजवलंय. ताकद त्यानं परत येत नाही, कीड शिरत नाही एवढंच.

दुसऱ्या रविवारी नुसती मापं घेतली. मला या कामातला हाच भाग सगळ्यात आवडला. तुळई नऊ फूट, सहा इंच रुंद, सात इंच उंच. दोन्ही टोकांना खिळा मारून लाइनदोरी ताणली आणि मधोमध स्टीलच्या पट्टीनं अंतर मोजलं: जुना झोल अकरा मिलिमीटर. मग वीस किलोचं पोतं मधोमध टांगलं. पट्टीवर काहीच फरक दिसेना. तेच पोतं पत्र्याखालच्या दोन बाय तीन इंचांच्या वाशाला टांगलं तर तो जवळजवळ पाच मिलिमीटर वाकला! लांबी तेवढीच, लाकूडही चांगलं. पण वाकण्याच्या हिशेबात रुंदी एकपट मोजली जाते आणि उंचीचा घन होतो. वासे पत्र्यांसाठी आहेत, वळवाच्या वाऱ्यात पत्रा उचलला जातो तेव्हा तेच त्याला धरून ठेवतात. त्यांना काहीही टांगायचं नाही, हे तिथंच ठरलं.

पुढचं काम दोन संध्याकाळींत झालं. टपावर सामान आवळायचे पॉलिएस्टरचे पट्टे तुळईवरून घेऊन खाली आणले, कडांवर सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले. नायलॉनची दोरी आधी वापरून पाहिली होती, ती ओझ्याखाली लांबत जाते. दोन तुळयांवर दोन-दोन पट्टे, प्रत्येक टोकापासून तीन फुटांवर. सगळं ओझं मधोमध एका ठिकाणी दिलं असतं तर तुळईच्या तळाला जेवढा ताण आला असता, त्याच्या दोन तृतीयांशच आता येतो. खाली तीन फूट बाय साडेचार फुटांचा फळ्यांचा पाळणा. माल ऐंशी किलोपर्यंत, म्हणजे एका पट्ट्याला वीस.

तीन आठवडे झाले. दर रविवारी दोरी ताणून मोजतो आणि तारीख तुळईवर पेन्सिलीनं लिहितो. झोल अजून अकराच आहे, अर्ध्या मिलिमीटरचाही फरक दिसत नाही. लसूण कोरडा आहे, वाकळांना उंदीर लागला नाही. खरी परीक्षा मे महिन्यात, पत्रे तापल्यावर पट्टे किती सैलावतात ती. तोवर दर पंधरवड्याला आवळून बघणार.

शेजारच्या खणातही असाच पाळणा करायचा विचार होता. काल तिथल्या तुळईत भिंतीजवळ दाभण टोचून पाहिलं. वरून लाकूड चकचकीत, पण दाभण अर्धा इंच सहज आत गेलं आणि बाहेर काढताना सोबत भुसा आला. त्या तुळईखाली आधी टेकू लावतोय, आणि मामांना बोलावलंय.