'पडला' म्हणे

कराडला माझं मोबाईल रिपेरिंगचं दुकान आहे, बारा वर्षं झाली. फोन कसा फुटला हे गिऱ्हाईक काय सांगतं त्यावर मी जात नाही, काच बघतो. हातातून निसटलेला फोन बहुतेक कोपऱ्यावर आपटतो, तडा तिथून निघतो आणि तिरका पळतो. परवा आलेल्याची काच मधोमध चुरा झालेली, फ्रेम वाकलेली आणि चुऱ्यात भिंतीचा निळा रंग अडकलेला. "पडला," म्हणाले गृहस्थ. शेजारी सातवीतलं पोरगं, मान खाली.

फोल्डर, म्हणजे काचेसकट अख्खा डिस्प्ले, बदलायचे १९०० सांगितले, तासभर लागेल म्हटलं, तर बसले. मी हीट देऊन काच सैल करत होतो तेवढ्यात पोरगं काउंटरला चिकटून हळूच म्हणालं, "काका, चारच जण उरले होते ओ."

मला लगेच कळलं, कारण बीजीएमआय, म्हणजे पब्जीचा भारतातला अवतार, मीही खेळतो. शंभर जण उतरतात, झोन म्हणजे खेळायची जागा आवळत जाते, शेवटी उरेल तो जिंकला. शेवटपर्यंत टिकलात तर एरँगेल या मोठ्या मॅपवरची एक मॅच पंचवीस-तीस मिनिटं खाते आणि पॉज नावाचा प्रकारच नाही, मधेच उठलात तर स्क्वाडमधले बाकीचे तिघं बोंबलतात. आणि घरोघरी नियम काय तर रोज एक तास. मधे लॉबीत, म्हणजे पुढची मॅच लागायची वाट बघण्यात, वेळ जातो, त्यामुळं तास भरतो तो बरोबर दुसऱ्या मॅचच्या ऐन शेवटाला, आणि तिथंच भांडण. हे व्हॉट्सअॅपवर ज्ञान वाटणाऱ्यांनी एकदा तरी खेळून बघावं राव.

माझ्या फोनवर टीडीएम, म्हणजे त्याच गेममधली दोन टीमची छोटी मॅच, लावून वडलांच्या हातात दिली, ती दहा मिनिटांत आटपते. गृहस्थ सारखे मरतायत, पोरगं ओरडतंय, "पप्पा, मागं बघा, मागं!" मग त्यांनी विचारलं, "हे थांबवायचं कुठनं?"

"नाही थांबत."

"मग आधी सांगायचं नाही होय?"

"सांगितलं होतं की."

यावर ते काही बोलले नाहीत, दुकानातल्या कव्हरांकडं बघत बसले.

शेवटी त्यांचं त्यांनीच ठरवलं, जेवणाआधी एक मॅच, रविवारी तीन, आणि चालू असताना हाक मारायची नाही. तरी लॉक पाहिजेच म्हणाले. २०२३ च्या मे महिन्यात बंदीनंतर गेम परत आला तेव्हा अठराच्या आतल्यांना दिवसाला ३ तास आणि मोठ्यांना ६ तास अशी मर्यादा घातली होती, पण घरात फोन एकच, अकाउंटही वडलांच्याच नावावर, म्हणजे गेमच्या हिशोबानं हे चाळिशीतले गृहस्थच रोज पॅराशूटनं उडी मारतात. मग अॅपलॉक टाकून दिलं. पिन टाकताना ते माझ्या कानात म्हणाले, "ह्याचीच जन्मतारीख ठेवतो, विसरायला नको." पोरगं पहिल्या फटक्यात ओळखेल हे तोंडावर आलं होतं, बोललो नाही. का नाही बोललो कुणास ठाऊक. १९०० घेतले मात्र.

सोमवारी शाळा सुटल्यावर पोरगं एकटंच आलं, टेम्पर्ड ग्लास टाकायला. शंभरची ऐंशीला घेतली. जाता जाता म्हणालं, "काका, पिन काय टाकलाय ओ पप्पांनी?"

"मला काय माहीत?" मी म्हटलं.

"मला माहितीय," ते म्हणालं, "तुम्ही सांगताय का बघत होतो."