शास्त्री कॉलेजचं कौतुक कशाला?

दरबानहून पुण्याला आले की कुणीतरी विचारतंच: गोखल्यांनंतर भारत सेवक समाजाची धुरा वाहणाऱ्या श्रीनिवास शास्त्रींनी दक्षिण आफ्रिकेत, गोऱ्यांच्या राज्यात, फक्त भारतीय मुलांसाठी वेगळं हायस्कूल काढलं, दरबानचं शास्त्री कॉलेज. म्हणजे वेगळेपणाला मान डोलावलीच ना? मग त्या शाळेचं तुला एवढं कौतुक कशाला?

डोलावली. भारत आणि दक्षिण आफ्रिकेच्या सरकारांतल्या 1927च्या केपटाउन कराराने तिथल्या भारतीयांना मायदेशी धाडायची सोय केली आणि जे राहतील त्यांच्या ‘उन्नती’चं आश्वासन दिलं. शास्त्री त्याच वर्षी भारत सरकारचे एजंट, म्हणजे प्रतिनिधी, म्हणून तिथे गेले. शाळेसाठी वर्गणी भारतीयांनी काढली. 1929 साली इमारत झाली, ती नाताळ प्रांताच्या (दरबान त्यातच) सरकारच्या हवाली केली. पदरचे पैसे घालायचे आणि किल्ल्या मात्र त्यांच्या हाती! विशीत मीही यावर तावातावाने भांडायचे.

पण पुढचं कुणी विचारत नाही. नाताळ युनिव्हर्सिटी कॉलेज गोऱ्यांच्या वर्गात भारतीयांना आणि आफ्रिकनांना बसू देत नव्हतं. 1936 पासून मेबल पामर नावाच्या साठीतल्या बाईंनी त्यांच्यासाठी वेगळे वर्ग चालवले. ते शनिवार-रविवारी भरू लागले शास्त्री कॉलेजात.

त्या वर्गांना गेलेले एक निवृत्त मास्तर मला दरबानला भेटले होते. आठवडाभर शिकवायचं आणि शनिवारी आपल्याच जुन्या शाळेत येऊन बसायचं. शाळकरी बाक, गुडघे वर टेकायचे. चहात बिस्कीट बुडवत ते हसतहसत सांगत होते. शेजारी झुलू मुलगा असायचा. तोवर एका बाकावर कधी बसलोच नव्हतो, म्हणाले. राग नाही आला का, असं मी विचारलं. बिस्कीट कपात पडलं, ते चमच्याने काढत राहिले. मग म्हणाले, “शनिवारी वर टेकडीवरचे गोऱ्यांचे वर्ग रिकामेच असायचे.” आणि लगेच मुलाच्या नोकरीची गोष्ट काढली.

आता सांगा, ती शाळा नसती तर ते दोघं कुठे बसले असते? हो, विद्यापीठाने दार लावलं म्हणूनच बसले, तेही ठाऊक आहे मला. समानता येईपर्यंत थांबा, हे त्या काळच्या बारा वर्षांच्या पोराला तुम्ही सांगून बघा.

म्हणून शास्त्री मला थोर वाटतात, असंही नाही. त्याच कराराखाली बोटीने मद्रासला उतरलेल्यांचे हाल झाले. ते त्यांच्या खात्यावर मांडायचे की नाही, यावरून आमच्या घरात अजून वाजतं.