शंभर यार्ड कुठून मोजायचे?

शाळेजवळची तंबाखूची टपरी बंद करायची होती. पालकसभा, शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, अर्ज हे पंधरा दिवसांत उरकलं. पुढचे चार महिने गेले एका टेपपायी, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

टपरी शाळेच्या मागच्या गल्लीत, भिंतीपासून जेमतेम तीस मीटरवर. मधल्या सुट्टीत तिथेच मोठी पोरं लहानांना दम देऊन पैसे काढायची. स्थळपाहणीला आलेल्यांनी टेप धरली ती मुख्य फाटकापासून, रस्त्याने वळसा घालत. अंतर भरलं १४० मीटर. शेरा पडला, ‘हद्दीबाहेर, तक्रार निकाली’.

२००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याचं कलम ६(ब) शाळेपासून १०० यार्डांत, म्हणजे ९१.४४ मीटरात, तंबाखूविक्रीला मनाई करतं. नियमांत साफ लिहिलंय की हे अंतर कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून सरळ त्रिज्येने मोजायचं. फाटक कुठे, रस्ता कुठून, याचा काही संबंध नाही. मी हे जागेवर तोंडी सांगितलं आणि कागद न देता परतले. तिथेच दोन महिने बुडाले. दुसऱ्या अर्जाला नियमाची प्रत जोडली, शाळेच्या नकाशावर भिंतीभोवती ९१ मीटर अंतरावर रेघ काढली (कोपऱ्यांवर ती गोल वळते) आणि ‘मुख्याध्यापक व दोन पंचांसमक्ष फेरमोजणी’ हे शब्द घातले. अर्ज पोलीस ठाण्याला, प्रत नगरपरिषदेला. दोन्हीकडे आवक क्रमांकाचा शिक्का घ्याच. शिक्का नसला की अर्ज मिळालाच नाही म्हणतात.

फेरमोजणीत टेप भिंतीला टेकवली. २९ मीटर! त्या आकड्याने चार महिन्यांचा शीण उतरला.

दंड मात्र २०० रुपयांपर्यंतच, त्यामुळे टपरी दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडते. अतिक्रमण विभागाकडे वेगळा अर्ज पहिल्याच दिवशी द्या. गुटखा दिसला तर अन्न व औषध प्रशासनाला कळवा, राज्यात २०१२ पासून बंदी आहे.

पुरावा म्हणून मुलाला दहा रुपये देऊन टपरीवर कधीही पाठवू नका. ६(ब) ला विक्री आणि अंतर पुरतं. मुलाला तंबाखू दिल्याचं उघड झालं तर बाल न्याय कायद्याचं कलम ७७ लागतं, सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. त्यात मुलाचं नाव बाहेर येता कामा नये.

जी मुलं आधीच खातात त्यांचे दाखले रोखू नका. त्यांना १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्याचा मोफत क्रमांक द्या, आणि पहिला फोन शेजारी बसून लावून द्या.