तुम्ही विचारलंत म्हणून: क्रूसावरचा येशू रोज बघवतो कसा?

हा प्रश्न मला वर्षातून दोनदा तरी येतोच. एकदा नाताळात, कोणीतरी घरी केक खायला येतं, हॉलमधल्या भिंतीवरचा क्रूस बघतं आणि जरा वेळाने हळूच, "एक विचारू का, राग नाही ना येणार? हे असं रोज समोर बघवतं कसं तुम्हाला?" दुसऱ्यांदा गुड फ्रायडेच्या आसपास, ऑफिसात डबा खाताना. एक मैत्रीण तर अगदी कळवळून म्हणाली होती, अगं आम्ही आमच्या देवाला न्हाऊ घालतो, हार घालतो, शेज करतो, तुमचा बिचारा दोन हजार वर्षं तसाच खिळलेला, कोणी खाली पण उतरवत नाही. मला हसू आलं, कारण लहानपणी मीही त्या क्रूसाला घाबरायचे, फक्त माझी भीती येशूची नव्हती, त्याच्या पायाखालच्या कवटीची होती.

आम्ही वसईचे. आजीकडे देव्हाऱ्यात वीतभर उंचीचा काळा लाकडी क्रूस होता, त्यावर पितळेचा येशू, आणि त्याच्या पायाखाली बोराएवढी कवटी नि फुलीसारखी दोन हाडं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी ट्रान्सफॉर्मर होता, त्याच्यावरच्या पाटीवर हुबेहूब तीच कवटी, 11000 व्होल्ट, धोका. त्यामुळे माझी पक्की समजूत की देवाला हात लावला की शॉक बसतो, आणि मी तो क्रूस कधी पुसायचेच नाही, बाकी सगळा देव्हारा पुसायचे. आजीच्या हे लक्षात आलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "अगं तो आदम आहे, तो काय करतोय तुला." म्हणजे झालं असं की क्रूस जिथे उभा केला त्या जागेचं नाव गोलगोथा, कवटीची जागा, आणि जुनी दंतकथा अशी की पहिला माणूस आदम तिथेच पुरलेला होता, येशूचं रक्त झिरपत झिरपत खाली गेलं ते थेट त्याच्या कवटीवर पडलं. बायबलमध्ये आदमाच्या थडग्याचं असं काही नाही, पण चित्रकारांनी ती कवटी शेकडो वर्षं काढली आणि ती फिरत फिरत माझ्या आजीच्या देव्हाऱ्यापर्यंत आली.

तर आता तुमच्या प्रश्नाकडे येते. पहिली गोष्ट म्हणजे सुरुवातीला हे असं नव्हतंच. रोममध्ये जमिनीखाली दफनाची भुयारं आहेत, कॅटाकोम्ब म्हणतात त्यांना, तिथली ख्रिस्ती चित्रं तिसऱ्या शतकापासूनची आहेत आणि त्यात क्रूसावरचा येशू शोधून सापडत नाही. मग काय आहे, तर मासा आहे, जहाजाचा नांगर आहे, माशाच्या पोटातून सुखरूप बाहेर पडणारा बायबलमधला योना आहे (तो मासा मात्र समुद्री राक्षसासारखा, वेटोळी शेपटीवाला). मासा का, तर 'येशू ख्रिस्त, देवाचा पुत्र, तारणारा' हे ग्रीकमध्ये लिहून प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर घेतलं की 'इख्थुस' होतं आणि इख्थुस म्हणजेच मासा. वसईच्या माणसाला हे चिन्ह पटायला काही अडचण नाही, आमच्याकडे माशाशिवाय रविवार होत नाही.

आणि सगळ्यात जास्त लाडका होता तो मेंढपाळ. प्रिसिला नावाच्या कॅटाकोम्बमध्ये छताला तो आहे, कोवळा, बिनदाढीचा पोरगा, आखूड झगा, खांद्यावर जनावर घेतलेला, दोन्ही बाजूंना कळपातली आणखी जनावरं. दाढीवाला, लांब केसांचा येशू तुमच्या-आमच्या डोक्यात इतका बसलाय की हा येशू म्हणून पटकन ओळखूच येत नाही. आणि गंमत म्हणजे खांद्यावर कोकरू घेतलेला पोरगा ही आकृती मुळात ख्रिस्ती नव्हेच, ग्रीक लोक ती येशूच्या आधी कितीतरी शतकं घडवत होते. तयार आकृती हाताशी होती, ती उचलली आणि तिच्यात आपला अर्थ भरला.

क्रूस का नव्हता याचं उत्तर खरं तर सोपं आहे. तो फास होता हो. गुलामांना, बंडखोरांना हाल हाल करून मारायची रोमन पद्धत, लोकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली, वास घेतलेली. घरात फाशीचा दोर कोण टांगेल? उलट बाहेरचे लोक चिडवायचे त्यावरून. रोमच्या पॅलाटाइन टेकडीवर भिंतीवर ओरखडलेलं एक चित्र सापडलंय, साधारण 200 सालच्या आसपासचं, क्रूसावर टांगलेला माणूस पण डोकं गाढवाचं, खाली हात वर केलेला एक जण, आणि ग्रीकमध्ये वाकडंतिकडं लिहिलंय, अलेक्सामेनोस आपल्या देवाला भजतोय. म्हणजे क्रूसावरच्या येशूच्या आज उरलेल्या सगळ्यात जुन्या चित्रांपैकी एक चक्क टिंगल म्हणून काढलेलं आहे! वर्गातल्या बाकावर पोरं काढतात त्या जातीचं. मला त्या अलेक्सामेनोसबद्दल उगाच माया वाटते.

पुढे चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळात क्रूसावर मारायची शिक्षा बंद झाली, आणि ती डोळ्यांनी पाहिलेली माणसं संपली तेव्हा कुठे चित्रात क्रूस यायला लागला. रोमच्या सांता साबिना चर्चच्या लाकडी दारावर 430 च्या सुमाराचा एक चौकोन आहे, मध्ये येशू, बाजूला दोन चोर, पण डोळे टक्क उघडे, हात नुसते पसरलेले, क्रूसाची लाकडं तर जेमतेम दिसतात, वेदनेचं नाव नाही. त्यानंतर शंभरेक वर्षांनी इटलीतच रावेन्नाजवळच्या क्लासे इथल्या चर्चमध्ये वेदीच्या वरच्या घुमटीत प्रचंड मोठा क्रूस केलाय, पण रत्नजडित, निळ्या आकाशात सोनेरी ताऱ्यांमध्ये तरंगणारा, आणि येशू म्हणाल तर क्रूसाच्या बरोब्बर मध्यावर नाण्याएवढा वाटणारा एक चेहरा. बस्स. त्या क्रूसाच्या डोक्यावर ग्रीकमध्ये तोच शब्द लिहिलाय, इख्थुस. माझ्या त्या मैत्रिणीला हा क्रूस आवडेल, दागिने घातलेलाच आहे.

मेंढपाळाचं जरा राहिलं. तो संपला नाही, तो गोव्याला आला. सतराव्या शतकात गोव्यात हस्तिदंताचे छोटे छोटे मेंढपाळ कोरले जायचे, पोर्तुगीजांच्या जहाजांतून पार युरोपात जायचे, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आजही आहेत, मी फोटोतच पाहिलेत पण तासन्‌तास पाहिलेत. एक डोंगर, पायऱ्यापायऱ्यांचा, त्याच्या शेंड्यावर बाळ येशू बसलाय, अंगात लोकरीचा झगा, एका खांद्यावर कोकरू, मांडीवर दुसरं, पायावर पाय, एक हात गालाला आणि डोळे मिटलेले. झोपलाय की ध्यान लावलंय कळत नाही, बघणाऱ्याला बुद्धच आठवतो. खाली झरा, पाणी प्यायला आलेली पाखरं-मेंढरं, आणि अगदी तळाशी गुहेत येशूची शिष्या मग्दालीया मारिया आडवी पडून पुस्तक वाचतेय. कोरणाऱ्याचं नाव कुठेच नाही. पाद्रींनी त्याला सांगितलं असणार मेंढपाळ कर, त्याने केला, पण बसवला आपल्या पद्धतीने.

असंच पुढे आंजेलो दा फोन्सेकाचं. जन्म 1902 चा, गोव्याचा चित्रकार, शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ टागोर आणि नंदलाल बोस यांच्याकडे शिकला आणि मारियामातेला साडी नेसवली, सावळी केली. गोव्यात लोक भडकले. मग तो पुण्यात ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात येऊन राहिला, तिथे चित्रं काढत राहिला, 1967 मध्ये गेला, आणि आता ज्या गोव्याने नाकं मुरडली तिथेच पर्वरीला झेवियर सेंटरमध्ये त्याची चित्रं जपून ठेवलीत. त्यातली एक मारिया मी आजीला मोबाईलवर दाखवली होती. आजीने चष्मा लावून नीट पाहिली आणि म्हणाली, "ही तर आपल्यातलीच कोणाची तरी सून दिसते." तक्रार होती की कौतुक ते कळलं नाही, आजीचं असंच असायचं.

बरं, रक्ताकडे येते, कारण तुम्ही विचारलं ते मुळात तेच होतं. जर्मनीत कोलोनच्या कॅथेड्रलमध्ये 970 च्या सुमाराचा लाकडी येशू आहे, माणसाच्या उंचीचा, 187 सेंटीमीटर, आणि हा मात्र मेलेला आहे. मान पडलेली, डोळे मिटलेले, पोट लोंबलेलं, सगळं वजन हातांवर आलेलं. इथून पुढे पाचशे वर्षं दुखणं वाढतच जातं, आणि ते जाऊन पोचतं कोलमारला.

कोलमारबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, वैताग आला तर सोडून द्या. नवऱ्याच्या कामामुळे आम्ही दोन वर्षं जर्मनीत फ्रायबुर्गला होतो, तिथून फ्रान्समधलं कोलमार जवळ, रविवारी सहज जाऊन येण्यासारखं. तिथे उंटरलिंडन नावाच्या म्युझियममध्ये इझनहाइमची वेदी आहे, म्हणजे वेदीच्या मागे उभी करायची, दारांसारख्या उघडणाऱ्या फळ्यांवरची चित्रं, माथियास ग्रुनेवाल्डने 1512 ते 1516 च्या दरम्यान रंगवलेली. मी मोबाईलवर आधी पाहिली होती त्यामुळे वाटलं तयारी आहे आपली. नव्हती. येशू अवाढव्य, अंगाचा रंग हिरवट, पायाची बोटं सुजून काळीनिळी, हाताची बोटं आभाळाकडे तोंड करून वेडीवाकडी ताणलेली, त्याच्या वजनाने क्रूसाचं आडवं लाकूड धनुष्यासारखं वाकलेलं, आणि अंगभर, अक्षरशः अंगभर, फोड आणि रुतलेले काटे. एका बाजूला मारिया पांढऱ्याफटक कपड्यात कोसळतेय, येशूचा शिष्य योहान याने तिला धरलंय. दुसऱ्या बाजूला बाप्तिस्मा देणारा योहान (हा दुसरा योहान, आणि याचं मुंडकं तर क्रूसाच्या आधीच उडवलेलं, तरी इथे हजर) एका लांबलचक बोटाने नुसतं दाखवतोय, बघा.

मला फोडांचं कळेना. चाबकाचे वळ समजू शकते, फोड कशाला? तिथल्या माहितीच्या पाटीवर उत्तर होतं. ही वेदी इझनहाइमच्या ज्या मठात होती तिथे संत अँथनीच्या नावाने चालणारे संन्यासी होते आणि त्यांचं दवाखान्याचं काम होतं. रोगी कोण, तर 'अँथनीच्या आगी'चे. राय नावाच्या धान्यावर बुरशी पडायची, त्याचा पाव खाल्ला की अंगाची आग, फोड, भ्रम, मग हातपाय काळे पडून सडायचे, कापावे लागायचे. आपल्याकडे बाजरीवर अरगट पडतो ना, त्याच जातीचं प्रकरण, घरच्या शेतकऱ्याला विचारा. म्हणजे या चित्रासमोर जी माणसं आणून बसवायचे त्यांच्या अंगावर तेच फोड होते. चित्राची दारं उघडतात तो सांधाही मध्यावर नाही, दार उघडलं की येशूचा एक हात धडापासून वेगळा होतो, ते हातपाय कापलेल्या रोग्यांसाठीच होतं असं काही अभ्यासक म्हणतात. सणाला ती दारं उघडली की आत मेलेल्यातून पुन्हा उठलेला येशू, सूर्यासारखा पेटलेला, आणि त्याच्या अंगावर खिळ्याभाल्याच्या खुणा सोडल्या तर एक फोड नाही.

बाजूच्या फळ्यांवर संत सेबेस्त्यान बाणांसकट आणि अँथनी. संतांचं एक सांगते, कारण हेही विचारता तुम्ही, की कोण कुठला कसा ओळखायचा. जसा शंख-चक्र दिसलं की विष्णू, तसंच, फक्त एक मोठा फरक आहे, आपल्याकडच्या मूर्तीत देवाच्या हातात तो ज्याने मारतो ते शस्त्र असतं, आमच्या संतांच्या हातात बहुतेक वेळा ज्याने त्यांचे हाल झाले किंवा जीव गेला ते असतं. लॉरेन्सकडे भाजायची जाळी, कॅथरिनकडे चाक, बार्थोलोम्यू तर स्वतःची सोललेली कातडी धरून उभा. आमच्या वसईचा गोन्सालो गार्सिया 1597 मध्ये जपानात नागासाकीला क्रूसावर बांधून भाल्यांनी मारला गेला, म्हणून त्याच्या चित्रात क्रूस आणि भाले. लहान असताना आम्हाला वाटायचं तो भालाफेकीत चॅम्पियन होता.

तर बघवतो कसा. आजीचं सांगते. तिला शुगर होती, शेवटच्या वर्षी पायाला जखम झाली ती भरेना, काळी पडत गेली, आधी दोन बोटं गेली, मग घोट्याच्या वरून पाय. हॉस्पिटलातून घरी आणलं तेव्हा आम्ही सगळ्यांनी ठरवून तिच्या खोलीत छान वाटेल असं केलेलं, नवीन पडदे, फुलांचं कॅलेंडर, लूर्दच्या मारियेची निळी-पांढरी मूर्ती. दुसऱ्या दिवशी ती काकाला म्हणाली, तो क्रूस आण देव्हाऱ्यातला आणि असा लाव की मला पडल्यापडल्या दिसेल. काकाने समोरच्या भिंतीवर लावला. म्हणाली, लांब आहे, पाय दिसत नाहीत त्याचे. मग खिळा काढून पलंगाच्या बाजूला, हात पोचेल असा लावला. ती बोलायची त्याच्याशी, प्रार्थना वगैरे नाही, साधंच, आज पट्टी बदलताना दुखलं, आज कमी दुखलं. कोलमार मी त्यानंतर चार वर्षांनी पाहिलं.

तोच क्रूस आता माझ्या हॉलमध्ये आहे. पितळेच्या पायांवरचे खिळे हात लागून लागून सपाट झालेत, कवटीचे डोळे भरत आलेत. मागच्या नाताळात भावाची मुलगी स्टुलावर चढून बराच वेळ बघत होती, मग लांबूनच म्हणाली, "आत्या, याला हात लावला तर करंट लागतो का?"